संसदेत मानवी हक्क दिन पाळायचा तर: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

10 डिसेंबरला बहुतेक संसदांमध्ये जे घडते त्याचा साचा ठरून गेला आहे. पीठासीन अधिकारी चार ओळी वाचतात, प्रत्येक पक्षाचा एकेक सदस्य बोलतो, एकमताने ठराव होतो आणि पायऱ्यांवर फोटो निघतो. फेब्रुवारीत त्या ठरावाचे पुढे काय झाले म्हणून विचारायला गेलात, तर तो कोणत्या टेबलावर आहे हेही सांगता येत नाही. घोळ क्रमात आहे. आधी कार्यक्रम ठरतो आणि मग त्यात भरायला विषय शोधला जातो.

हा लेख सचिवालयातले अधिकारी, समित्यांचे कर्मचारी, सदस्यांचे सहायक आणि संसदेकडे विषय घेऊन जाणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहे. नियमांची आणि समित्यांची नावे देशागणिक बदलतील. कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

टप्पा 1: आधी काम निवडा, तारीख नंतर

स्मरणाचा कार्यक्रम कोणतेही सभागृह भाड्याने घेऊन करता येतो. संसदेच्या हातात तीन गोष्टी आहेत ज्या इतरांच्या हातात नाहीत: कायदा, सरकारला जाब विचारणे आणि पैसा मंजूर करणे. यांतली एक निवडा. अडकून पडलेले विधेयक, आंतरराष्ट्रीय समितीने केलेली आणि सरकारने विसरलेली शिफारस, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची अपुरी तरतूद, असे काहीतरी ठोस. तिन्ही एकदम घ्यायला गेलात तर एकही धड होत नाही.

काम ठरले की त्याला जुळणारी तारीख शोधा. 10 डिसेंबर सर्वांना माहीत आहे, कारण 1948 मध्ये त्या दिवशी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला गेला. पण विषय छळविरोधी कायद्याचा असेल तर 26 जून जास्त नेमका बसतो. छळविरोधी करार 1987 मध्ये याच दिवशी अंमलात आला. मुलांच्या हक्कांसाठी 20 नोव्हेंबर, कारण 1989 चा बालहक्क करार त्या दिवशीचा. महिलांवरील हिंसाचारासाठी 25 नोव्हेंबर, अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी 3 डिसेंबर, वंशभेदासाठी 21 मार्च, सक्तीने बेपत्ता केलेल्यांसाठी 30 ऑगस्ट. 10 डिसेंबरच्या गर्दीत हरवण्यापेक्षा 30 ऑगस्टला एकट्याने उभे राहिलेले बरे, असे माझे मत आहे.

हमखास होणारी चूक: संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले त्या वर्षीचे घोषवाक्य उचलायचे आणि त्यावर कार्यक्रम बांधायचा. ही घोषवाक्ये सगळ्या जगाला चालावीत अशी लिहिलेली असतात. तुमच्या सभागृहात नेमके काय अडले आहे ते त्यांतून कळत नाही.

तपासणी: "या दिवशी सभागृह काय करणार आहे?" याचे उत्तर एका वाक्यात लिहा आणि त्यातले क्रियापद पाहा. "स्मरण करणार", "अधोरेखित करणार", "बांधिलकी व्यक्त करणार" असले काही आले तर काम अजून निवडलेले नाही. "मागणार", "मंजूर करणार", "समितीकडे पाठवणार" असे आले तर पुढे जा.

टप्पा 2: वेळ आणि परवानग्या

सहा महिने आधी सुरुवात करा. त्या तारखेला सभागृह बसणार आहे का, अर्थसंकल्पाची धामधूम आहे का, हे आधी पाहा. बसणार नसेल तर सर्वांत जवळचा कामकाजाचा दिवस घ्या. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या सभागृहात केलेल्या कार्यक्रमाला संसदीय वजन राहत नाही.

कामकाज ठरवणाऱ्या समितीकडे विषय नेताना सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या सदस्यांची नावे एकत्र न्या. एकाच पक्षाने मांडलेला मानवी हक्कांचा ठराव पडतो तरी किंवा इतका पातळ होतो की कुणालाच लागत नाही.

टप्पा 3: कागद जमवा, चार ढिगांत

याच टप्प्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो आणि नंतरच्या बहुतेक चुका इथूनच येतात.

*पहिला ढीग: देशाने काय मान्य केले आहे.* स्वाक्षरी आणि अनुसमर्थन यांत गल्लत करू नका. स्वाक्षरीने देश इरादा दाखवतो, करार बंधनकारक होतो तो अनुसमर्थनाने. भारताचेच पाहा. छळविरोधी करारावर 1997 मध्ये स्वाक्षरी झाली, 2010 मध्ये लोकसभेने त्यासाठीचे विधेयकही मंजूर केले, पण ते कायदा झाले नाही आणि अनुसमर्थनही झालेले नाही. अशा देशात एखादा सदस्य "आपण या कराराने बांधलेले आहोत" असे सभागृहात म्हणाला, तर संबंधित मंत्री एका वाक्यात त्याला खाली बसवू शकतो.

अनुसमर्थन झाले असले तरी दोन गोष्टी बघायच्या राहतात. एक, कोणते मुद्दे राखून ठेवले आहेत, म्हणजे करार मान्य पण अमुक कलम आम्हाला लागू नाही असे देशाने कुठे लिहून दिले आहे. दुसरे, ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे कराराला जोडलेला पण वेगळा मान्य करावा लागणारा पूरक करार, स्वीकारला आहे का. नागरी आणि राजकीय हक्कांच्या 1966 च्या कराराखाली व्यक्तीला थेट आंतरराष्ट्रीय समितीकडे तक्रार करता येते, पण तिच्या देशाने पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल मान्य केला असेल तरच. संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहात ही सगळी माहिती तारखांसह मिळते. जुन्या भाषणांतून किंवा वर्तमानपत्रांतून उचलू नका.

*दुसरा ढीग: करार समित्या काय म्हणाल्या.* प्रमुख मानवी हक्क करार नऊ आहेत आणि प्रत्येकाच्या अंमलबजावणीवर तज्ज्ञांची समिती लक्ष ठेवते. देशाच्या अहवालावर चर्चा झाली की समिती आपली अंतिम निरीक्षणे देते. संसदेला हवे ते बऱ्याचदा त्यांतच तयार असते: कोणता कायदा बदला, कोणती तरतूद वाढवा, कशाची आकडेवारी गोळा करा. महिलांविरुद्धच्या भेदभावाचे निर्मूलन करणाऱ्या समितीच्या निरीक्षणांत तर संसदेच्या भूमिकेवर वेगळा परिच्छेद असतो. तो वाचलेला सदस्य मला क्वचितच भेटतो.

*तिसरा ढीग: सार्वत्रिक नियतकालिक आढावा.* संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांच्या स्थितीचा आढावा होतो, यूपीआर म्हणतात तो हाच. 2008 मध्ये पहिली फेरी सुरू झाली आणि साधारण साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी पुन्हा येते. जिनिव्हात साडेतीन तासांच्या बैठकीत इतर देश शिफारशी करतात. ज्याचा आढावा चालू आहे तो देश काही शिफारशींना पाठिंबा देतो, बाकीच्यांची फक्त नोंद घेतो. तुमच्या कामाला आधी पाठिंबा दिलेल्याच घ्या. सरकारने जगासमोर स्वतः "हो" म्हटले आहे, त्यामुळे "बाहेरचे लोक आम्हाला शिकवणार का" हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

*चौथा ढीग: घरचे कागद.* राष्ट्रीय आयोगाचे वार्षिक अहवाल, न्यायालयांचे निकाल, सभागृहात मंत्र्यांनी दिलेली आश्वासने. आयोग स्वतंत्र आहे का हे 1993 च्या पॅरिस तत्त्वांवर, म्हणजे अशा आयोगांसाठी संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या निकषांवर, तपासले जाते. आयोगाचा अहवाल पटलावर ठेवला गेला पण त्यावर चर्चाच झाली नाही, असे असेल तर तुमचे काम कदाचित तेच आहे.

सावधान: यूपीआरसाठी सरकार जो राष्ट्रीय अहवाल पाठवते तो संसदेला तो पाठवून झाल्यावर मिळत असेल, तर सगळी चर्चा शिळ्या कढीला ऊत आणल्यासारखी होते. पुढच्या फेरीचे वेळापत्रक आजच काढा आणि मसुदा समितीसमोर यावा अशी मागणी आतापासून लेखी नोंदवा.

तपासणी: चारही ढिगांतून मिळून एक पान तयार करा. डावीकडे शिफारस आणि तिची तारीख, मध्ये सरकारने काय उत्तर दिले, उजवीकडे आजची स्थिती. उजवा रकाना रिकामा राहिला तर त्या ओळीचा लेखी प्रश्न करून मंत्रालयाला पाठवा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणूनच सहा महिने.

टप्पा 4: ठरावाचा मसुदा

मसुदा खालून वर लिहा. आधी शेवटची, म्हणजे करायला सांगणारी कलमे. मग त्यांना लागेल तेवढीच प्रस्तावना. उलट केलेत तर प्रस्तावनेत "स्मरण ठेवून", "लक्षात घेऊन", "चिंता व्यक्त करून" अशा बारा ओळी जातात आणि शेवटी सर्वांना आवाहन करणारे एक कलम उरते. सर्वांना केलेले आवाहन कुणालाच लागू होत नाही.

फरक पाहा. नेहमीचे कलम असे असते:

"हे सभागृह सर्व संबंधितांना कोठडीतील छळ रोखण्यासाठी योग्य ती पावले उचलण्याचे आवाहन करते."

हेच काम करणारे कलम असे लिहिता येते:

"हे सभागृह गृहमंत्र्यांना विनंती करते की, छळविरोधी विधेयकाची सद्यस्थिती आणि ते मांडण्याचा अपेक्षित कालावधी सांगणारे निवेदन त्यांनी 60 दिवसांत पटलावर ठेवावे आणि ते निवेदन मानवी हक्क समितीकडे विचारार्थ जावे."

दुसऱ्यात कोण, काय, कधीपर्यंत आणि त्यानंतर कागद कुठे जाणार, हे चारही आहे. चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात. निवेदन पटलावर आले आणि ते कुणाकडेच गेले नाही, तर ते तिथेच संपले.

एकमतासाठी कलमे बोथट करण्याचा दबाव येईल. तेव्हा शब्द सोडा, मुदत सोडू नका. "तीव्र निषेध"च्या जागी "चिंता" गेली तरी चालते. "60 दिवसांत"च्या जागी "लवकरात लवकर" आले की ठराव मेला.

सरकारने विरोध करू नये म्हणून ठराव परदेशातल्या परिस्थितीवरच करायचा, ही पळवाट सगळीकडे दिसते. परदेशावर बोलणे चूक नाही, पण आपल्या घरासाठीचे एक तरी कलम त्याच ठरावात असू द्या. नाहीतर ज्याच्याविषयी ठराव केला त्या देशाचा राजदूत दुसऱ्या दिवशी तुमच्याच देशाच्या अंतिम निरीक्षणांची प्रत पाठवतो.

विधेयकांसाठी कायमची व्यवस्था करायची असेल तर दोन नमुने अभ्यासावेत. ब्रिटनच्या 1998 च्या मानवी हक्क कायद्याच्या कलम 19 नुसार मंत्र्याला विधेयकासोबत ते युरोपीय मानवी हक्क करारातल्या हक्कांशी सुसंगत आहे की नाही याचे निवेदन द्यावे लागते. ऑस्ट्रेलियात 2011 च्या कायद्याने प्रत्येक विधेयकाला असे निवेदन जोडावे लागते आणि दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती ते तपासते. मानवी हक्क दिनाला मांडण्यासारखा याहून टिकाऊ प्रस्ताव शोधून सापडायचा नाही, कारण त्याचे काम वर्षभर चालते.

टप्पा 5: पीडित आणि साक्षीदार

आधी स्वतःला विचारा: या माणसाला बोलावून सभागृहाला काय कळणार आहे जे कागदावरून कळत नाही? उत्तर "कार्यक्रमाला वजन येईल" असे असेल तर बोलावू नका.

बोलवायचे ठरले तर हा क्रम ठेवा:

1. पहिला संपर्क त्यांच्या विश्वासातल्या संस्थेमार्फत करा. सचिवालयाचे पत्र थेट घरी गेले तर काही ठिकाणी तेवढ्यानेच त्यांच्यावर नजर वळते.
2. थेट प्रक्षेपण होणार का, नाव छापले जाणार का, भाषण कायमच्या नोंदीत जाणार का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा आणि तीन वेगळ्या संमती घ्या. एकाला होकार म्हणजे तिन्हींना होकार नव्हे. संसदेच्या नोंदीतून नाव नंतर सहसा पुसता येत नाही, हे स्पष्ट सांगा.
3. संसदेसमोर बोलल्याबद्दल त्यांना कायद्याचे संरक्षण आहे का, हे विधी अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. समितीसमोरची साक्ष आणि सेंट्रल हॉलमधले भाषण यांना बऱ्याच देशांत सारखे संरक्षण नसते.
4. आदल्या दिवशी खोली दाखवा. कुठे बसायचे, कोण आधी बोलणार, मध्येच थांबायचे असेल तर कुणाकडे पाहायचे, बाहेर जायचा दरवाजा कोणता. त्या दरवाजाशी एक ओळखीचा माणूस बसवा.
5. सदस्यांना प्रश्न आधीच लिहून द्यायला लावा. "तेव्हा तुम्हाला काय वाटले?" हा प्रश्न काढून टाका. "तक्रार नोंदवायला कुठे अडले?" हा ठेवा.

प्रवासखर्च, दुभाषी आणि सोबतच्या व्यक्तीचा खर्च संसदेने करायचा. हे पत्रातच लिहा, त्यांना मागायला लावू नका.

सावधान: साक्षीनंतर त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे साक्षीदार सभागृहात येण्याआधी ठरलेले हवे. हे ठरवता येत नसेल तर लेखी निवेदन घ्या आणि नाव राखून ठेवा.

टप्पा 6: तुरुंगातल्यांचा आणि मृतांचा उल्लेख

तुरुंगात असलेल्या व्यक्तीचे नाव सभागृहात घेतल्याने कधी तिचे रक्षण होते, कधी उलटते. याचा अंदाज तिच्या कुटुंबाला आणि वकिलाला तुमच्यापेक्षा चांगला असतो. त्यांना विचारल्याशिवाय नाव नको. युरोपीय संसद 1988 पासून विचारस्वातंत्र्यासाठीचा साखारोव पुरस्कार देते. 2015 मध्ये सौदी ब्लॉगर राइफ बदावी तुरुंगात होते, तेव्हा पत्नी एन्साफ हैदर यांनी तो स्वीकारला. 2019 मध्ये चीनमध्ये तुरुंगात असलेले उइगुर अभ्यासक इल्हाम तोहती यांच्या वतीने त्यांची मुलगी जेव्हर आली. व्यासपीठावर घरच्या माणसाचा आवाज असला की संसदेला आपल्या मनाने कुणाच्या वतीने बोलावे लागत नाही.

छळ झालेली किंवा डांबलेली व्यक्ती स्वतः खासदार असेल तर वेगळी वाट आहे. आंतरसंसदीय संघाची खासदारांच्या मानवी हक्कांसाठीची समिती 1976 पासून अशी प्रकरणे पाहते. आपला ठराव करण्याआधी तिने त्या प्रकरणात काय निर्णय दिला आहे तो वाचा आणि त्याच्याशी विसंगत तपशील देऊ नका.

सामूहिक हत्याकांडाच्या स्मरणात शब्दांवरून वाद होतोच. आधार न्यायालयाचा घ्या. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाचे उदाहरण सोपे आहे: माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने आणि 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तिथे वंशसंहार झाल्याचे म्हटले आहे आणि 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 11 जुलै हा स्मरणदिन ठरवला. निकालाचे नाव आणि वर्ष प्रस्तावनेत घातले की चर्चा शब्दाभोवती फिरत राहत नाही. निकाल नसेल तर घटनेचे वर्णन करा आणि गुन्ह्याचे कायदेशीर नाव टाळा. काही सदस्यांना हे मिळमिळीत वाटेल. त्यांना भाषणात मोकळीक आहे, ठरावात नाही.

टप्पा 7: प्रत्यक्ष दिवस

इथे फार काही सांगण्यासारखे नाही, फक्त क्रम चुकवू नका. मौन पाळायचे असेल तर ते सर्वांत आधी. मग साक्ष किंवा समितीच्या अहवालाचे सादरीकरण, मग मंत्र्यांचे निवेदन, त्यानंतर सदस्य आणि शेवटी ठराव. मंत्र्यांना शेवटी ठेवले की त्यांनी काय कबूल केले यावर बोलायला कुणी उरत नाही. आणि पाहुणे सभागृहात असताना ठराव मताला टाका. लोक चहाला गेल्यावर घेतलेल्या मताला साक्षीदार राहत नाहीत.

सांकेतिक भाषेतले भाषांतर, चाकाच्या खुर्चीसाठी वाट आणि कार्यक्रमपत्रिकेची सोप्या भाषेतली प्रत यांची सकाळी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहणी करा. ज्या दिवशी हक्कांवर बोलायचे त्याच दिवशी कुणी दारात अडकून बसले, तर उद्या बातमी तीच असते.

टप्पा 8: त्यानंतरचे दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरावाची प्रमाणित प्रत संबंधित मंत्रालयाला, राष्ट्रीय आयोगाला आणि साक्ष दिलेल्यांना गेली पाहिजे. साक्षीदारांच्या प्रतीसोबत "पुढची तारीख अमुक" असे लिहिलेले पत्र जोडा.

आठवड्याच्या आत मंत्र्यांच्या भाषणातली प्रत्येक कबुली वेगळी काढा. "आम्ही विचार करू" हे आश्वासन धरायचे की नाही, यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. तुमच्या संसदेत सरकारी आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती असेल तर सगळी यादी तिच्याकडे पाठवा, ठरवायचे काम तिचे. अशी समिती नसेल तर प्रत्येक कबुलीवर एकेक लेखी प्रश्न तयार करून वेगवेगळ्या सदस्यांना वाटून द्या. एकाच सदस्याच्या नावावर दहा प्रश्न असले तर प्रश्नांचा क्रम ठरवणाऱ्या चिठ्ठीत ते मागे पडतात.

मुदत संपायच्या दोन आठवडे आधी मंत्रालयाला स्मरणपत्र द्या. मुदत उलटली आणि निवेदन आले नाही, तर समितीच्या अध्यक्षांनी सभागृहात केवळ एवढेच सांगावे की अमुक तारखेला निवेदन अपेक्षित होते, ते मिळालेले नाही. टीकाटिप्पणी नको. नोंदीत गेलेले हे एक वाक्य पुढच्या यूपीआरमध्ये इतर देशांना आणि संस्थांना आयते मिळते.

तपासणी: टप्पा 3 मधले ते एक पान पुन्हा काढा. उजव्या रकान्यात किमान एका ओळीची स्थिती बदलली आहे का? बदलली असेल तर तारीख टाका. नसेल तर तीच ओळ पुढच्या वर्षीच्या टप्पा 1 साठी पहिल्या क्रमांकावर लिहा आणि ते पान, संमतीपत्रे, मंत्रालयाचा पत्रव्यवहार असे सगळे एका फाइलीत घालून, फाइल कुणाकडे आहे त्याचे नाव समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. कर्मचारी बदलतात, निवडणुका होतात. इतिवृत्तात नाव असले की नव्या माणसाला फाइल मागता येते.